जुन्या क्लाइंबिंग शूजना नवा सोल: रबर कसं निवडायचं, कारागीर कुठे शोधायचा

क्लाइंबिंग शूज बहुतेक वेळा एकाच जागी जातात, अंगठ्याच्या टोकाला. वरचं चामडं शाबूत असतं, टाच घट्ट असते, वेल्क्रो नीट धरतो, आणि पुढे मात्र बोट जाईल एवढं भोक पडलेलं असतं. मग जोडी माळ्यावर जाते आणि नवी मागवली जाते. अशा कितीतरी जोड्या नवा सोल लावून आणखी एखाद-दोन सीझन आरामात चालल्या असत्या.

ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या, मुंब्र्याच्या किंवा बेलापूरच्या कातळावर सराव करणाऱ्या आणि थंडीत माहुली, वजीर, तेलबैला अशा सह्याद्रीतल्या चढाया गाठणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या प्रकाराचा, वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून इथे क्लाइंबिंग शूज घालणारे पाय वाढले. ते दुरुस्त करणारे हात मात्र अजून शोधावे लागतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चर्चा सगळी रबराच्या नावावरून होते, पण जोडी वाचते ती शूज वेळेवर दिल्याने आणि चिकटवणाऱ्याच्या हाताने. रबराचा नंबर त्यानंतर.

शूज कधी द्यायचे

दोन भाग नीट ओळखा. तळाचा जाड थर तो सोल. त्याच्या वर, बोटांना पुढून आणि बाजूने आवळून धरणारी पातळ रबरी पट्टी म्हणजे रँड. नवा सोल साधारण ३.५ ते ५ मिमी जाड असतो, रँड जेमतेम २ मिमीच्या आसपास. सोल झिजण्यासाठीच असतो. रँड झिजणं परवडत नाही, कारण शूजचा आकार आणि ताण तीच सांभाळते. रँडला भोक पडलं की नुसता सोल बदलून भागत नाही, पुढे नवी रँड चढवावी लागते. त्याला टो-कॅप म्हणतात. खर्च वाढतो, आणि कामाची नजाकत तर कितीतरी पटीने वाढते.

म्हणून दर महिन्याला एकदा शूज उजेडात धरा, टोक डोळ्यांच्या रेषेत आणा आणि सोल व रँड यांच्यातली रेघ अंगठ्याच्या टोकाभोवती कुठवर दिसते ते बघा. मागून पुढे येताना सोलची जाडी कमी होत गेलेली दिसेल. सगळ्यात पातळ जागी एक-दीड मिमी उरलं असेल तर आता थांबायचं. दुसरी खूण हाताला कळते. टोकावर अंगठा दाबा, मग तसाच चवड्याखाली दाबा. टोक जास्त आत जात असेल तर रबर संपत आलंय. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा. ज्या पायावर तुमचा भरवसा जास्त, तो आधी जातो.

रेघ पूर्ण पुसली जाऊन सोल आणि रँड एकजीव दिसत असतील तर उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. रँडमधून चामडं किंवा कापड दिसत असेल तर टो-कॅपची तयारी ठेवा. चामडंच फाटून बोट बाहेर येत असेल, टाचेचा ताण गेला असेल किंवा बूट दुमडल्यावर सोलच्या वरची आतली पट्टी मधोमध मोडल्यासारखी वाटत असेल, तर नव्या सोलवर पैसे घालू नका. एकूण खर्च नव्या जोडीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मीही नवी जोडीच घेईन. चांगली जोडी दोन-तीनदा सोल बदलून घेते, त्यानंतर वरचा भागच सैल पडतो.

आपल्याकडे ऋतूही पाहावा लागतो. सोल चिकटवायचं सोल्युशन सुकताना त्यातलं द्रावक उडतं, त्याने पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. डोळ्यांना धड दिसतही नाही असा हा ओलावा दोन थरांच्या मध्ये बसतो, आणि सोल महिन्याभरात कडेने उचकटायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या स्टॉलवर हे काम करून घेऊच नका. सुळक्यांचा सीझन मार्चअखेर संपतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये शूज द्या. ते राहून गेलं तर ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. पावसाळ्यात द्यायची वेळ आलीच, तर एसी असलेल्या किंवा निदान बंद, कोरड्या खोलीत काम करणारा माणूस हवा.

रबर निवडताना

मऊ रबर चिकटतं आणि कडक रबर घसरतं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. क्लाइंबिंगचं रबर दाबल्यावर दगडाच्या बारीक खडबडीत शिरतं आणि सावकाश परत येतं, या सावकाशपणात त्याची पकड आहे. घरी तपासायचं तर सोलसाठी मिळणाऱ्या रबराच्या शीटवर नख जोरात रोवा आणि उचला. चांगल्या रबरावरची खूण क्षणभर राहून मग भरते. लगेच उसळून सपाट झालं तर ते साधं रबर. बेअरिंगमधली छोटी पोलादी गोळी शीटवर टाकून बघा. साध्या रबरावर ती उंच उडते, क्लाइंबिंगच्या रबरावर फार कमी. तुकडे हाताशी असतील तर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या फरशीचा उरलेला तुकडा घ्या, प्रत्येक रबरावर सारखंच वजन ठेवा आणि फरशी हळूहळू तिरकी करा. कोणतं आधी सुटतं ते समोरच दिसेल. फरशी आणि रबर दोन्ही आधी ओल्या फडक्याने पुसून सुकवा, नाहीतर चाचणी धुळीची होते.

प्रत्यक्ष पर्याय मोजकेच आहेत. व्हायब्रम या कंपनीच्या क्लाइंबिंग रबरात तीन नावं लक्षात ठेवा. एक्सएस एज जरा कडक, बारीक कडेवर उभं राहायला. एक्सएस ग्रिप त्यापेक्षा चिकट. एक्सएस ग्रिप २ आणखी मऊ, गुळगुळीत पृष्ठभागावर पाय नुसता टेकवून उभं राहायला, म्हणजे स्मिअरिंगला. फाइव्ह टेन या दुसऱ्या कंपनीचं स्टेल्थ सी४ बरंच जुनं आणि सगळीकडे चालणारं.

आपला दगड बेसॉल्ट. त्यावर धारदार छोट्या कडा आणि खाचा भरपूर असतात, आणि अंगठ्याचं टोक त्या कडेवर टेकवून बराच वेळ उभं राहावं लागतं, खासकरून वर कोणी लीड करत, म्हणजे सगळ्यांत पुढे चढत असेल आणि खाली बिले देणारा, म्हणजे त्याचा दोर सांभाळणारा, दोर सोडत असेल तेव्हा. म्हणून सह्याद्रीतल्या सुळक्यांसाठी आणि मल्टीपिचसाठी, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायच्या लांब मार्गांसाठी, मी एक्सएस एजच सुचवीन, ४ मिमी. कातळ तापलेला असताना मऊ रबर कडेवरून लोळतं, कडक रबर निदान आकार धरून ठेवतं. जिममधल्या भिंतीवर मोठे गुळगुळीत व्हॉल्यूम, म्हणजे बसवलेले उंचवटे असतात, तिथे ग्रिप २ आणि ३.५ मिमी छान वाटतं. नवशिक्यांनी मात्र पातळ रबराच्या नादी लागू नये. पाय ठेवताना तो घासत जातो तोपर्यंत ४ ते ५ मिमी जाडीच बरी. वजनाने हलक्या माणसाला जाड, कडक सोलखाली काहीच जाणवत नाही, त्याने ३.५ किंवा ४ मिमी घ्यावं.

एक गोष्ट ठासून सांगतो. ट्रेकिंगचे बूट दुरुस्त करणारे काही जण ‘व्हायब्रम लावून देतो’ म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, पण ही कंपनी चालण्याच्या बुटांसाठी वेगळी रबरं आणि नक्षीचे सोल बनवते. आपल्याला सपाट, बिननक्षीची शीट हवी आणि तिच्यावर एक्सएस हे नाव हवं. चांभाराच्या दुकानात सहज मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टीही एकदाच निकालात काढू. टायरचं रबर टिकतं, पण क्लाइंबिंगच्या कामाची पकड देत नाही. मायक्रो शीट आणि फोमचे सोल कडेवर दबून जातात आणि तुकड्यांनी सुटतात. क्रेप हाताला चिकट लागतो म्हणून मोह होतो, पण उन्हात तो आकार सोडतो.

चांगली शीट बहुधा बाहेरून मागवावी लागते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एक घेणं परवडतं. आल्यावर एक कोपरा पूर्ण दुमडा आणि बाहेरच्या वळणावर बारीक भेगा दिसतात का बघा. भेगा म्हणजे माल जुना, परत करा. मापासाठी शूजचा पुढचा अर्धा भाग कागदावर आखा आणि सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त धरा. बहुतेक वेळा अर्धाच सोल बदलायचा असतो, टाचेखालचं रबर फारसं झिजलेलं नसतं.

कारागीर

इथे घाई नको. तीन प्रकारची माणसं भेटतील.

फक्त क्लाइंबिंग शूजचं काम करणारे लोक देशात आहेत, पण थोडे. त्यांच्याकडे कुरिअरने पाठवावं लागतं आणि सीझनच्या तोंडावर बराच वेळ लागतो. पुढून खाली वळलेले, आक्रमक आकाराचे शूज असतील, किंवा रँडचं काम असेल, तर दुसरा विचार न करता त्यांच्याकडेच पाठवा. त्या शूजचा वाक लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवूनच टिकतो. फर्म्याशिवाय चिकटवले तर वाक उघडतो आणि मग कितीही चांगलं रबर लावलं तरी शूज सपाट होतो.

दुसरी माणसं चप्पल-बुटांच्या कारखानदारीतली. चेंबूर-कुर्ला भागातली ठक्कर बाप्पा कॉलनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. नवी मुंबईहून हार्बर लाइनने चेंबूर किंवा टिळकनगरला उतरायचं, ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलायची. तिथे फर्मे, घासायची मशीन, हीट गन, दाब देणारं प्रेस हे सगळं एका गल्लीत सापडू शकतं. मोठ्या ऑर्डरवाले एका जोडीत रस घेत नाहीत. नमुन्याच्या जोड्या बनवणारा कारागीर कोण ते विचारा. त्याचा हात बारीक कामाला सरावलेला असतो.

तिसरे आपल्या स्टेशनबाहेरचे, बाजारातले, सरकारच्या गटई योजनेतून मिळालेल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणारे चर्मकार. सपाट, साध्या शूजचा अर्धा सोल बदलायला यांच्यातलाच एखादा उत्तम ठरतो. सगळेच नाहीत, म्हणून ओळख करून घ्यावी लागते.

जाताना शूज स्वच्छ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून न्या. हाताला लावायची खडूची पूड, म्हणजे चॉक, आणि घाम लागलेला बूट कुणाच्या हातात देणं बरं नाही, शिवाय चॉकवर गोंद धरत नाही. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी जा, शूज हातात द्या आणि गप्प राहून बघा. चांगला कारागीर आधी बूट उलटा करतो, अंगठ्याने रँड दाबतो, सोलच्या कडेला नख घालून जुना गोंद कसा आहे ते पाहतो, आणि मग विचारतो, “हा पुढचा वाक असाच ठेवायचा ना?” हा प्रश्न आला की निम्मं काम झालं. बूट न बघताच “उद्या घेऊन जा” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

तुमचे प्रश्नही थेट असू द्या. “काका, शिलाई न मारता नुसतं चिकटवून द्याल का?” पुष्कळदा उत्तर येतं, “शिलाईशिवाय टिकणार नाही, साहेब.” त्यांच्या अनुभवात ते बरोबरच असतं. चालायच्या बुटाला शिलाई लागतेच. इथे मात्र सुईच्या भोकांनी रँड फाटते आणि दोरा दगडावर घासून तुटतो, हे त्यांना शांतपणे समजावा. खिळे तर अजिबात नकोत. मग विचारा की जुना सोल कसा काढणार, घासायला मशीन आहे का, सोल्युशनचे किती हात देणार, सुकायला किती वेळ ठेवणार. ‘गरम करून’, ‘दोन हात’, ‘सुकू देऊन’ हे शब्द त्यांच्या तोंडून आपणहून आले तर जोडी द्यायला हरकत नाही.

तरीही आधी चाचणी घ्या, आणि तिचे पैसे द्या. तुमच्या शीटचा दोन बोटं रुंद तुकडा एखाद्या टाकाऊ जुन्या बुटाच्या रबरावर चिकटवून घ्या, त्याच पद्धतीने, त्याच सोल्युशनने. एक दिवस जाऊ द्या. मग पक्कडीने तुकडा ओढून काढा आणि सुटलेली जागा बघा. दोन्हीकडे गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग दिसला तर घासणं कमी पडलं. गोंद सगळा एकाच बाजूला राहिला असेल तर दुसरी बाजू नीट तयार केली नव्हती. रबराचेच कण फाटून निघाले तर जोड रबरापेक्षा पक्का आहे. असा कारागीर सापडला की त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नका. लक्षपूर्वक करायचं काम आहे, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला परत त्याच्याकडेच यायचंय.

काम कसं व्हायला हवं

शक्य असेल तर शेजारी बसून करून घ्या.

शूज फर्म्यावर चढवायचा. सपाट शूजला मापाचा फर्मा नसेल तर आत कापड ठासून घट्ट भरायचं, टोकापर्यंत. हीट गनने सोलची मागची कड तापवायची, गोंद मऊ झाला की पक्कडीने धरून मागून पुढे हळूहळू सोलायचं. ओढताना उष्णता सतत पुढे सरकत राहिली पाहिजे. टोकाजवळ आल्यावर सगळ्यात सावकाश, कारण तिथे रँड पातळ असते आणि सोलबरोबर ती निघून येऊ शकते. जोड तळपायाच्या कमानीखाली घ्यायचा, चवड्याखाली कधीच नाही. चवडा सतत वाकतो, तिथला जोड उघडतो. जुन्या सोलची कड रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, तिरकी छिलायची आणि नव्या तुकड्याची त्याला जुळेल अशी उलटी तिरकी, म्हणजे पायरी पडत नाही.

मग घासणं. नव्या शीटच्या आतल्या बाजूला कारखान्यातली चकाकी असते, ती पूर्ण जाऊन पृष्ठभाग सगळीकडे काळा-राखाडी, खरखरीत दिसला पाहिजे. ४० ते ६० नंबरचा पॉलिश पेपर चालतो. शूजच्या बाजूनेही जुना गोंद काढायचा, पण आतल्या पट्टीपर्यंत खोल जायचं नाही. धूळ ब्रशने झाडायची आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. तुमचं तर नाहीच, त्यावर चॉक असतो.

सोल्युशनचा पहिला हात पातळ, दोन्ही बाजूंना. तो मुरतो. सुकल्यावर दुसरा. पंधरा-वीस मिनिटांनी बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. चिकटलं नाही की वेळ झाली. ओलं असतानाच दाबून टाकणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि तिथे तुम्ही नम्रपणे थांबवलंच पाहिजे. दोन्ही बाजू पुन्हा किंचित तापवायच्या, टोकापासून सुरुवात करून मागे टेकवत न्यायच्या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. मधून कडेकडे हातोडी मारत हवा बाहेर काढायची. नंतर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून पूर्ण पुढच्या भागाभोवती गुंडाळायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. प्रेस नसलेल्या ठिकाणी याच्याइतका सारखा दाब दुसऱ्या कशाने मिळत नाही.

या सोल्युशनची वाफ आणि रबराची धूळ दोन्ही फुप्फुसाला वाईट, आणि वाफ पेट घेते. हवा खेळती हवी, जवळ विडी-सिगारेट नको. एक चांगला मास्क सोबत नेऊन कारागिराला द्या. दिवसभर तो हेच हुंगत असतो.

दुसऱ्या दिवशी जास्तीचं रबर कापायचं. इथे हात बघण्यासारखा असतो. रापी पाण्यात बुडवून कापली की रबर एका ओढीत लोण्यासारखं सुटतं, कोरडी रापी अडकत जाते आणि कडेला दात पडतात. शेवटी मशीनवर कड घासायची, हलक्या हाताने, थांबत थांबत. रबर तापून चकाकायला लागलं तर दाब जास्त होतोय. चाक रँडला लागता कामा नये. टोकाची कड गोल नको, सरळ आणि स्वच्छ हवी.

ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी दोन्ही शूज तळ वर करून शेजारी ठेवा. आकार आरशातल्यासारखे जुळतात का बघा. कडेने सगळीकडे नख फिरवा, कुठेही नख आत शिरता कामा नये. टोकाशी रँडची जाडी दाबून पाहा. मग घालून जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका अंगठ्यावर उभे राहा. खाली हवेचा फुगा असेल तर पाय किंचित डुलतो, ते लगेच कळतं. दोष दिसला तर तिथेच सांगा, तापवून पुन्हा दाबता येतं.

त्यानंतर निदान दोन दिवस चढाईला घालू नका. नंतरही पहिल्यांदा जमिनीलगतच्या बोल्डरवर वापरा, लीडवर नाही. नव्या रबरावरची चकाकी जायला थोडी चढाई लागते, तोवर पकड कमी वाटेल. नवा सोल जाड असल्याने पायाखालचा दगडही आधीसारखा जाणवणार नाही. वाशी किंवा ठाणे स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत शूज ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने नवा जोड मऊ पडतो.

शीटचे उरलेले तुकडे कारागिराकडून मागून घ्या, कागदात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि कागदावर रबराचं नाव, जाडी आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी चाचणीला त्यातलाच तुकडा कामी येईल.